शूशा : एक जिल्हा, तीन बेरजा

काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ प्रदेशात रशियन साम्राज्याचा एक जिल्हा होता. त्याचे नाव शूशा. जिल्ह्याला रशियन कारभारात 'उयेझ्द' म्हणत आणि असे काही उयेझ्द मिळून 'गुबेर्निया' म्हणजे प्रांत होई. येलिझावेतपोल प्रांतात असे आठ उयेझ्द होते, त्यांपैकी शूशा हा एक. आज हा प्रांतही नाही आणि हा जिल्हाही नाही. पण नागोर्नो-काराबाख या नावाने वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकणारा जो मुलूख आहे, त्याचे काळीज या जुन्या जिल्ह्यात होते. या मुलखावरून गेल्या साडेतीन दशकांत दोन मोठी युद्धे झाली आणि लाखो माणसे घर सोडून गेली.

हा मुलूख आपला आहे, असे आर्मेनियन आणि अझरबैजानी दोघेही म्हणतात. दोघेही लोकसंख्येचा पुरावा देतात. गंमत अशी की बऱ्याचदा हा पुरावा एकाच जनगणनेतला असतो. मग खोटे कोण बोलते? या प्रश्नाच्या मागे लागून मी काही वर्षे शूशा जिल्ह्याचे आकडे गोळा करीत आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही, रशियन भाषाही मला येत नाही. पण किरिल लिपी ओळखण्यापुरती शिकली की जुने तक्ते वाचता येतात, कारण तक्त्यात शब्द थोडे आणि आकडे फार असतात. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

खानांचे महाल

'काराबाख' या नावात तुर्की 'कारा' म्हणजे काळा आणि फारसी 'बाग' असे दोन शब्द एकत्र आले आहेत. ही 'बाग' आपल्या रोजच्या बोलण्यातली. जुन्या काराबाखच्या कारभाराची भाषा मराठी माणसाला अशीच अधूनमधून ओळखीची वाटते. अठराव्या शतकाच्या मध्याला पनाह अली खानाने तिथे आपली सत्ता उभी केली आणि सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या कड्यावर किल्ला बांधला. तो किल्ला म्हणजेच शूशा शहर. खानाचा मुलूख 'महालां'त विभागलेला होता. आपल्याकडच्या महालकऱ्याचा महाल तो हाच. लष्करी चाकरीच्या बदल्यात ज्यांना सारा माफ असे, त्यांना तिथे 'माफ' असेच म्हणत.

डोंगराच्या भागात खानाच्या आधीपासून पाच आर्मेनियन सरदारघराणी होती. त्यांना 'मेलिक' म्हणजे मलिक म्हणत आणि त्यांच्या पाच ठाण्यांना मिळून 'खमसा', म्हणजे पाच. गुलिस्तान, जराबेर्द, खाचेन, वरांदा आणि दिझाक ही त्यांची नावे. खाली कुरा आणि अरस या नद्यांच्या मैदानात तुर्की बोलणारे मुसलमान पशुपालक आणि शेतकरी राहत. उन्हाळा सुरू झाला की पशुपालक आपले कळप घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जात आणि थंडी पडायच्या आत खाली परत येत. म्हणजे एकाच डोंगरावर एक समाज बारमाही राहत होता आणि दुसरा समाज दर वर्षी काही महिने वस्तीला येत होता. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

१८०५ मध्ये इब्राहिम खलील खानाने रशियाचे मांडलिकत्व पत्करले. १८१३ च्या गुलिस्तानच्या तहाने इराणने काराबाखवरचा हक्क सोडला आणि १८२२ मध्ये रशियाने खानाची सत्ताच बरखास्त केली. नवा मुलूख ताब्यात आला की पहिले काम साऱ्याचे. त्यासाठी १८२३ मध्ये रशियन अधिकाऱ्यांनी महालवार पाहणी केली. ही पाहणी माणसांची नव्हती, कुटुंबांची होती. आपला 'खानेसुमारी' हा जुना शब्द तिला नेमका लागू पडतो, कारण खाना म्हणजे घर.

या पाहणीचा निष्कर्ष आजचे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. सगळा काराबाख एकत्र धरला तर मुसलमान कुटुंबे आर्मेनियन कुटुंबांपेक्षा कितीतरी जास्त होती. फक्त डोंगरातले पाच आर्मेनियन महाल घेतले तर तिथे जवळजवळ सगळी कुटुंबे आर्मेनियन होती. एक वही, दोन उत्तरे. दोन्ही उत्तरे खरी.

१८२८ च्या तुर्कमानचायच्या तहानंतर इराणमधून हजारो आर्मेनियन लोक रशियाच्या हद्दीत आले. त्यातले बहुतेक येरेवान आणि नखिचेवानच्या बाजूला गेले, काही कुटुंबे काराबाखमध्येही आली. अझरबैजानी लेखक या स्थलांतरावर भर देतात, तर आर्मेनियन लेखक त्याच्या पाच वर्षे आधीच्या पाहणीकडे बोट दाखवतात.

जिल्हा कसा आखला गेला

१८४० मध्ये शूशा उयेझ्द अस्तित्वात आला. तेव्हा तो फार मोठा होता. वरचा प्रांत मात्र सारखा बदलत राहिला. आधी कास्पियन प्रदेश, मग १८४६ मध्ये शेमाखा प्रांत. १८५९ मध्ये शेमाखा शहर भूकंपात कोसळले, तेव्हा राजधानी बाकूला हलली आणि प्रांताचे नावही बाकू झाले. १८६८ मध्ये येलिझावेतपोल प्रांत तयार झाला आणि शूशा त्यात गेला. त्याच सुमारास आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या शूशा जिल्ह्याचे तुकडे काढून झांगेझूर, जेवान्शिर आणि जेब्राइल हे वेगळे उयेझ्द झाले.

ही आखणी राष्ट्र, भाषा किंवा धर्म पाहून झाली नव्हती. वसुली सोपी व्हावी, पोलिसांना फिरता यावे, डोंगर आणि मैदान एकाच कचेरीच्या हाताखाली राहावे, एवढाच हिशेब होता. त्यामुळे नव्या शूशा जिल्ह्यात वर कड्यावरचे शूशा शहर होते, डोंगरातली आर्मेनियन गावे होती आणि खाली आग्दामच्या बाजूची मुसलमान गावेही होती. शहरात आर्मेनियन आणि मुसलमान मोहल्ले शेजारी शेजारी होते. काझांचेत्सोत्स हे मोठे आर्मेनियन चर्च १८८७ मध्ये पुरे झाले. शेवटच्या खानाची मुलगी, कवयित्री खुर्शीदबानू नातावान हिने शहरात पिण्याचे पाणी आणले, ही आठवण अझरबैजानी लोक आजही जपतात. ती १८९७ मध्ये वारली. त्याच वर्षी तिच्या जिल्ह्यातली माणसे पहिल्यांदा एक एक करून मोजली गेली.

२८ जानेवारी १८९७

रशियन साम्राज्याची पहिली आणि शेवटची सार्वत्रिक जनगणना या दिवशी झाली. ही तारीख त्यांच्या जुन्या पंचांगाची. आपल्या पंचांगाने ती ९ फेब्रुवारी. साडेबारा कोटींवर माणसे मोजली गेली. लेखक चेखव आपल्या गावाकडच्या भागात मोजणीच्या कामात होता. झार दुसरा निकोलस याने आपल्या पत्रकात व्यवसायाच्या रकान्यात 'रशियाच्या भूमीचा धनी' असे लिहिले. भूमीचा धनी कोण, हा प्रश्न त्या पत्रकात झारला एकट्यालाच सोडवता आला.

पत्रकात चौदा रकाने होते. नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, जन्मठिकाण, नेहमीचे राहण्याचे ठिकाण, धर्म, मातृभाषा, साक्षरता, व्यवसाय वगैरे. 'तुमचे राष्ट्र कोणते?' असा रकाना नव्हता. आज आपण ज्याला आर्मेनियन किंवा अझरबैजानी लोकसंख्या म्हणतो, ती प्रत्यक्षात मातृभाषेची बेरीज आहे. तीतही 'अझरबैजानी' हा शब्द नाही. त्या भाषेला रशियन कचेरीत 'तातार' म्हणत.

मी स्वतः शिक्षक असताना जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघर फिरलो आहे. मातृभाषेच्या प्रश्नाला माणसे कशी उत्तरे देतात हे मी ओट्यावर बसून ऐकले आहे. कुणी घरातली बोली सांगतो, कुणी शाळेतली भाषा सांगतो, कुणी शेजाऱ्याकडे पाहून सांगतो. पत्रकात मात्र एकच शब्द जातो आणि तो एकदा गेला की पक्का होतो. शूशाच्या ओट्यांवरही काही वेगळे घडले नसणार. तरी मातृभाषेच्या बाबतीत तिथले आकडे ढोबळ मानाने विश्वास ठेवण्याजोगे आहेत, कारण आर्मेनियन आणि तुर्की या दोन भाषांत गोंधळ व्हावा इतके साम्य नाही.

खरी मेख तारखेत आहे. मोजणी ऐन थंडीत झाली. त्या वेळी पशुपालक खाली मैदानात होते आणि डोंगरावर फक्त बारमाही राहणारे होते. तीच मोजणी जुलैमध्ये झाली असती तर डोंगरातल्या अनेक भागांचे चित्र वेगळे दिसले असते. यात कुणाचा कावा नव्हता. माणसे घरी सापडावीत म्हणून सरकारने थंडीचे दिवस निवडले होते.

तीन बेरजा

आता आकडे पाहू. १८९७ मध्ये शूशा उयेझ्दची लोकसंख्या १,३८,७७१ होती. त्यात आर्मेनियन ७३,९५३ आणि तातार म्हणजे आजच्या भाषेत अझरबैजानी ६२,८६८. टक्केवारी काढली तर ५३ आणि ४५. ही पहिली बेरीज. हिच्यावरून कुणी म्हणेल, शूशा हा आर्मेनियन बहुसंख्येचा जिल्हा.

आता जुना शूशा जिल्हा फोडून निघालेले तीन जिल्हे त्याला परत जोडा. झांगेझूरमध्ये तातार ७१,२०६ आणि आर्मेनियन ६३,६२२. जेवान्शिरमध्ये तातार ५२,०४१ आणि आर्मेनियन १९,५५१. जेब्राइलमध्ये तातार ४९,१८९ आणि आर्मेनियन १५,७४६. शूशासह चारही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्या ४,१५,७२१ होते. त्यात तातार २,३५,३०४, म्हणजे जवळजवळ ५७ टक्के, आणि आर्मेनियन १,७२,८७२, म्हणजे ४२ टक्क्यांना थोडे कमी. ही दुसरी बेरीज. माणसे तीच, दिवस तोच, प्रगणक तेच. फक्त कुंपण मोठे झाले आणि बहुसंख्या उलटली.

तिसऱ्या बेरजेसाठी कुंपण लहान करायचे. मैदानाकडचा भाग वगळायचा आणि शूशा, जेवान्शिर, जेब्राइल या जिल्ह्यांतली डोंगरातली आर्मेनियन गावे शोधून त्यांच्याभोवती रेघ मारायची. हे काम १९२३ मध्ये प्रत्यक्ष झाले. त्यातून जो स्वायत्त प्रदेश निघाला, त्यात १९२६ च्या सोव्हिएत जनगणनेत सुमारे सव्वा लाख माणसे होती आणि त्यातले ८९ टक्के आर्मेनियन होते.

बेळगावच्या सीमाप्रश्नात 'खेडे हा घटक' या तीन शब्दांसाठी आपल्याकडे किती शाई आणि किती माणसे खर्ची पडली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली गोम वेगळी सांगायला नको. मोजायचा घटक कोणता, हे ठरले की बेरजेचे उत्तर अर्धे ठरलेले असते.

रेघ मारणारे

साम्राज्य मोडायच्या आधीच शूशात पहिली ठिणगी पडली होती. १९०५ मध्ये बाकूपासून सुरू झालेले आर्मेनियन-तातार दंगे ऑगस्टमध्ये शूशाला पोहोचले. १९१८ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान ही दोन नवी प्रजासत्ताके झाली आणि दोघांनीही काराबाखवर हक्क सांगितला. मार्च १९२० मध्ये आर्मेनियन उठावाचा प्रयत्न फसला, तेव्हा शूशाचा आर्मेनियन भाग जाळला गेला. किती माणसे मेली याच्या अंदाजांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जनगणनेचा आकडा मात्र स्पष्ट बोलतो. १८९७ मध्ये शहराची लोकसंख्या पंचवीस हजारांवर होती आणि निम्म्याहून अधिक आर्मेनियन होते. १९२६ मध्ये शहरात ५,१०४ माणसे उरली होती. त्यात आर्मेनियन होते ९३.

बोल्शेविकांची सत्ता आल्यावर हा प्रश्न त्यांच्या कॉकेशस ब्यूरोपुढे आला. ४ जुलै १९२१ रोजी डोंगराळ काराबाख आर्मेनियाला द्यावा असे मत पडले. दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरला. वरचा आणि खालचा काराबाख आर्थिक व्यवहाराने एकमेकांना बांधलेले आहेत, म्हणून डोंगराळ भाग अझरबैजानमध्येच ठेवावा आणि त्याला स्वायत्तता द्यावी, असे ठरले. हे कारण निव्वळ बहाणा नव्हते. कळपांची वाट खरोखरच मैदानातून डोंगराकडे जात होती. पण १९२३ मध्ये प्रदेश आखला गेला तो गावांची भाषा पाहून. म्हणजे प्रदेश कुणाकडे ठेवायचा हे कुरणांवरून ठरले आणि त्याची हद्द बोलीवरून ठरली. दोन वेगळी मापे एकाच मुलखाला लावली गेली. आग्दाम रेघेच्या बाहेर राहिले, शूशा आत आले. राजधानी मात्र शूशाहून खाली, जवळच्या खानकेंदी गावात नेली आणि त्याचे नाव स्तेपानाकेर्त ठेवले. पुढे १९२९-३० च्या सुमारास अझरबैजानमधली उयेझ्दांची पद्धतच बंद झाली.

त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेकडे दोन्ही समाज श्वास रोखून पाहत राहिले. १९२६ मध्ये आर्मेनियन ८९ टक्के, १९५९ मध्ये ८४, १९७९ मध्ये ७६. अझरबैजानी दहा टक्क्यांवरून तेवीसवर गेले. बाकू सरकार मुद्दाम आमचा टक्का घटवते आहे, आमची पोरे कामासाठी बाहेर ढकलली जातात, असे आर्मेनियन म्हणत. आमच्या घरांत मुले जास्त होतात, यात कट कसला, असे अझरबैजानी म्हणत. १९८९ ची शेवटची सोव्हिएत जनगणना झाली तेव्हा १,८९,०८५ माणसांत आर्मेनियन १,४५,४५० आणि अझरबैजानी ४०,६८८ होते. तोवर दोन्ही बाजूंनी माणसे पळू लागली होती.

रेघेत बसवलेली माणसे

इथवर बेरजा बदलत होत्या त्या रेघा बदलल्यामुळे. इथून पुढे रेघा जागच्या जागी राहिल्या आणि माणसेच हलवली गेली.

फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजालीत शेकडो अझरबैजानी नागरिक मारले गेले. मे १९९२ मध्ये आर्मेनियन सैन्याने शूशा घेतले आणि तिथले अझरबैजानी निघून गेले. जुलै १९९३ मध्ये आग्दाम पडले. ते शहर पुढे सत्तावीस वर्षे ओस पडून राहिले. भिंतींचे दगडही लोकांनी काढून नेले. काराबाख आणि आजूबाजूच्या सात जिल्ह्यांतून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी विस्थापित झाले. त्याआधीच आर्मेनियातले अझरबैजानी आणि बाकू, सुमगाइतमधले आर्मेनियन आपापली घरे सोडून गेले होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये अझरबैजानने शूशा परत जिंकले. डिसेंबर २०२२ पासून लाचीनच्या रस्त्याची नाकेबंदी झाली. १९ सप्टेंबर २०२३ रोजी हल्ला झाला आणि चोवीस तासांत लढाई संपली. त्यानंतरच्या जेमतेम दहा दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन त्याच एका रस्त्याने आर्मेनियात गेले. १८९७ च्या शूशा उयेझ्दमधल्या ७३,९५३ आर्मेनियनांपैकी ज्यांचे वंशज त्या डोंगरात टिकून होते, त्यांतले आता मोजण्याइतकेही तिथे उरलेले नाहीत. अझरबैजान आता त्या गावांत आपल्या विस्थापितांना परत वसवीत आहे. त्यांतल्या अनेकांचे आजोबा-पणजोबा तिथलेच होते, हेही विसरून चालणार नाही.

लोकसंख्येच्या आकड्यांवरून 'हा मुलूख कुणाचा' हे ठरवू पाहणाऱ्या लेखकांचे मी बरेच काही वाचले. त्यातले फार थोडे आकडे खोटे होते. तरीही कोणताही आकडा स्वीकारण्याआधी मी आता तीन गोष्टी पाहतो. कोणत्या हद्दीत मोजले? कोणत्या ऋतूत मोजले? आणि माणसाला कोणत्या नावाखाली लिहिले? शूशा उयेझ्दच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उपलब्ध आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवली की एवढेच दिसते की तिथे दोन समाज होते, दोघेही जुने होते आणि एकाच डोंगराचा उपयोग दोन तऱ्हांनी करीत होते. यातून मालकीचा दाखला निघत नाही. एकाला तिथून घालवण्याचे समर्थन तर मुळीच निघत नाही.

१८९७ च्या पत्रकात आणखी एक रकाना होता, तो दहावा. त्यात घरचे कोण गैरहजर आहे याची नोंद करायची होती. कळपांबरोबर गेलेला, बाकूच्या तेलविहिरींवर मजुरीला गेलेला, यात्रेला गेलेला, असा जो कुणी परत येणार आहे त्याच्यासाठी ही जागा होती. अठ्ठावीस वर्षे शूशाचे अझरबैजानी या रकान्यातले होते. आज आर्मेनियन आहेत. पुढच्या वेळी त्या डोंगरात जो प्रगणक फिरेल, त्याच्या पत्रकात हा रकाना असेल की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे.